अर्धी राहिलेली दाढी

बातमी मला रियाने, माझ्या नातीने, फोनवर बघून वाचून दाखवली. ती इथल्याच शाळेत शिकते. मराठी तिला कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्या सकाळी मात्र पोरीने एकेक ओळ मराठीत करून सांगितली, अडखळत, शब्द शोधत. आम्ही राहतो त्या पासिर रिस भागात एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्याला धारदार पातं लावलं होतं. पोलिसांनी पुन्हा पुन्हा सांगूनही त्याने ते खाली टाकलं नाही, म्हणून पोलिसांनी विजेचा झटका देणारी बंदूक चालवली. तो म्हातारा हॉस्पिटलात वारला. दुसऱ्या म्हाताऱ्याची सुखरूप सुटका झाली, त्याला कसलीही इजा नाही. एवढं सांगून रिया थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, दॅट्स यू." … होय. तो सुखरूप सुटलेला म्हातारा मी. आणि ज्याच्या तावडीतून मला सोडवलं असं म्हणतात तो ज्ञानदेव, आमचा ज्ञानू, माझा न्हावी, आणि या देशातला माझा एकुलता एक दोस्त. मी त्याच्यापुढे दाढीला बसलो होतो. गोष्ट एवढीच आहे, आणि ती सांगून सांगून माझा घसा सुकला, तरी ती कुणी पुरती लिहून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.

लिहिणारा मी कोण, तेही सांगतो. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर जन्मभर इचलकरंजीत यंत्रमागावर, आधी सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला, मग विणकर आणि शेवटी जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. कुणापुढे हात पसरला नाही आणि कुणाला घाबरलो नाही. बायको गेल्यावर मुलाने, महेशने, मला इथे आणलं. त्याचं कॉम्प्युटरचं काम, सुनेचंही तेच. दिवसभर घरात मी आणि भिंती. हे सगळं मी वहीत हाताने लिहिलं आणि सुनेने टाइप केलं. दोन ठिकाणी ती म्हणाली, "बाबा, हे जरा सौम्य करू या का?" म्हटलं, नको. जसं आहे तसं जाऊ दे.

ज्ञानूची आणि माझी ओळख बिल्डिंगीखालच्या बाकावर झाली. इथे प्रत्येक ब्लॉकखाली मोकळी जागा असते, दगडी टेबलं आणि बाकं असतात, म्हातारी माणसं तिथे वारा खात बसतात. मीही बसलो होतो. समोरून एक वाळकासा माणूस आला, पांढरा शर्ट, पायजमा, केस एकदम बेतशीर. माझ्यासमोर उभा राहिला आणि नाव नाही, गाव नाही, सरळ माझ्या गालाकडे बघून मराठीत म्हणाला, "हे कुणी तासलंय?" मी म्हटलं, मशीनने, मुलाच्या. तर म्हणतो, "दिसतंयच. कानाखाली सगळं गवत राखून ठेवलंय, गुरांना का?" मला राग यायला हवा होता. पण कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी हसलो तो हसतच सुटलो. तो मिरजेकडचा. तीस-चाळीस वर्षं स्वतःचं दुकान. मुलगी शैला हार्बरफ्रंटला जहाजाच्या कुठल्याशा ऑफिसात आहे, तिने बापाला आणलं होतं, कारण गावाकडे तो एकटा गॅस चालू ठेवून बाजाराला निघून जाऊ लागला होता. आमच्याच ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर.

विसरण्याचा रोग. तेव्हा सुरुवात होती, पुढे वाढतच गेला. माझं नाव तर त्याने कधी धरलंच नाही, "जॉबर" एवढं धरलं. शैलाला कधी मुलगी म्हणायचा, कधी बहीण, कधी "या बाई फार चांगल्या आहेत" असं तिच्याच देखत मला सांगायचा. ती आत जाऊन नळ सोडायची, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. एकदा तो घरातून निघाला आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, बसून कुठल्या कुठे गेला. तेव्हा एका पोलिसानेच त्याला परत आणलं होतं. कोवळा चिनी पोरगा, हाताला धरून, हळूहळू त्याच्या पावलाने चालत. ज्ञानूने वाटेत त्याच्या कल्ल्यांना हात लावून बघितला होता म्हणे, आणि तो पोरगा हसला होता. हे मी मुद्दाम लिहितोय. नाहीतर म्हणाल म्हातारा एका बाजूचं बोलतो.

सगळं विसरला, पण हात विसरला नाही. चहाचा कप धरला की बशीत सांडायचा, आणि वस्तरा धरला की तोच हात एकदम स्थिर, जसा लेव्हलला लावलेला माग. वस्तरा त्याच्या वडिलांचा होता, हाडाच्या मुठीचा, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचा. शैलाने भीतीपोटी तो पेटीत घालून, कुलूप लावून, कपाटावर ठेवून दिला होता. त्या दिवसांत ज्ञानू खंगला. नुसता बोटं चोळत बसायचा. मीच शैलाला म्हटलं, "पोरी, पेटी काढ. त्याला गिऱ्हाईक पाहिजे ना? हे घे गिऱ्हाईक." आणि मी स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. ती दारात उभी, तोंडावर हात धरून. ज्ञानूने टॉवेल झटकला, माझ्या गळ्याभोवती खोचला, वाटीत साबण फेसला… पहिला हात कानापासून हनुवटीपर्यंत आला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून पेटीची किल्ली शैलाने माझ्याकडे दिली. दर एक दिवसाआड दाढी. सोमवार सोडून. आमच्याकडे सोमवारी सलून बंद असतात, आणि पोटच्या पोरीचं नाव विसरलेला हा माणूस सोमवार कधी विसरला नाही. कसा ओळखायचा देव जाणे. मी मुद्दाम सोमवारी गेलो, की दारातूनच, "आज दुकान बंद. अक्कल नाही का?"

दाढी करताना त्याचं तोंड चालू असायचं, आणि माझंही. तो ओरडायचा, "हलू नको रे भोपळ्या, गळा कापीन एखाद्या दिवशी." मी म्हणायचो, "काप, काप, सुटलो तरी मुलाच्या घरातल्या त्या ओट्समधून." तो माझं नाक चिमटीत धरून वर ओढायचा, ओठावरची मिशी काढायला, आणि मी नाकातून शिव्या द्यायचो. गावाकडे दुकानात असं सगळेच बोलतात. न्हाव्याच्या दुकानात जो गप्प बसतो तो एक तर नवीन किंवा आजारी. आम्हाला काय ठाऊक, की हेच लांबून बघणाऱ्याला कसं दिसेल.

त्या आठवड्यात आमच्या ब्लॉकला रंग देत होते. बाहेरून हिरव्या जाळ्या बांधलेल्या, खिडकीवर प्लास्टिक, घरात भर सकाळी अंधार. ज्ञानूने स्टूल इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, आणि पेटी बंद केली. "अंधारात वस्तरा धरायचा नसतो," म्हणाला. "चल बाहेर." शैला कामावर होती. आम्ही लिफ्टने खाली आलो आणि बाकावर बसलो, जिथे झाडाच्या बाजूने चांगला उजेड येतो. महेश मला अजून विचारतो, "बाबा, पण तुम्ही खाली का नेलंत त्यांना?" नेलं. उजेड होता. जन्मभर हा माणूस उजेडात बसून काम करत आला, आणि माझ्या मते उजेडात बसणं हा गुन्हा नाही.

डावी बाजू झाली. फार सुरेख झाली. ज्ञानू त्या दिवशी खुशीत होता, माझ्या मागे उभा राहून माझं डोकं पोटाशी धरून उजवीकडे वळवत होता, आणि मी नेहमीसारखा कुरकुरत होतो. तो ओरडला, "हलू नको!" मी ओरडलो, "मान मोडतोस का माझी?" शेजारच्या ब्लॉकमधली एक बाई बाजाराहून चालली होती. ती थांबली. आम्ही तिला पाहिलंही. तिने फोन कानाला लावला. तिच्या डोळ्यांनी बघा… मागे उभा एक माणूस, दुसऱ्याचं डोकं गच्च धरलेलं, गळ्याशी पातं, आणि दोघे कुठल्यातरी भाषेत ओरडतायत. तिच्यावर माझा राग नाही. नंतर ती माझ्या घरी दोन संत्री घेऊन आली, इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी दिली, आणि माझा हात धरून रडली. मी वाचलो म्हणून रडली. मी ती संत्री तशीच सुकू दिली.

पोलीस लवकर आले. दोघे. वय काय असेल, जेमतेम वीस-बावीस. लांब उभे राहून ओरडायला लागले. ते इंग्रजीत काय म्हणत होते ते मला शब्दाने कळलं नाही, पण हाताने कळलं, खाली टाक, खाली टाक. मी खोटं लिहिणार नाही, त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा सांगितलं. पण ज्ञानूला लहानपणी त्याच्या बापाने एकदाच मारलं होतं, वस्तरा हातातून पडला म्हणून. ती गोष्ट तो मला दर दाढीला सांगायचा. वस्तरा पडला की धार गेली, आणि धार गेली की पोट गेलं. न्हाव्याचा जीव जाईल, वस्तरा जमिनीवर जाणार नाही. गिऱ्हाईक दचकलं, शिंकलं, तर न्हावी काय करतो? हात एकदम वर नेतो, गळ्यापासून लांब. त्याने तेच केलं. माझा गळा जपायला त्याने वस्तरा वर उचलला, आणि त्या पोरांना वाटलं, आता वार करणार.

मी ओरडलो. मराठीत ओरडलो, मग हिंदीत, "नाई है, नाई है!" म्हटलं. तेवढ्यात त्यांतल्या एकाने माझा दंड धरून मला ओढून बाजूला घेतलं. मी त्याला ढकलला, शिव्या घातल्या. त्यांना वाटलं म्हातारा भेदरलाय. आणि ज्ञानू… ज्ञानूने त्या दोघांकडे वळून बघितलं. दुकानात गर्दीच्या वेळी दोन पोरं दारात येऊन घाई करतात ना, तसं बघितलं. तसाच जरासा वैतागून, पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून गोड आवाजात म्हणाला, "बसा, बसा. तुमचा नंबर येईल." आणि त्यांना बाक दाखवायला एक पाऊल पुढे टाकलं. ज्या हाताने बाक दाखवला, त्याच हातात वस्तरा होता.

दोन तारा आल्या. बारीक, धाग्याएवढ्या. मी आयुष्यभर धागे बघितलेत. आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, नुकसान होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते त्यात. साध्या लोखंडाला कळतं, थांबावं. ज्ञानू ताठ झाला, जसा लाकडाचा, आणि हात न टेकता तसाच मागे कोसळला. सिमेंटवर डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. वस्तरा तेव्हा सुटला त्याच्या हातातून. जन्मात दुसऱ्यांदा.

मी त्याच्याजवळ गेलो तर मला जाऊ दिलं नाही. माझ्या गळ्यात टॉवेल तसाच, उजव्या गालावर फेस तसाच. एका मुलीने, अ‍ॅम्ब्युलन्समधली असावी, मला खुर्चीवर बसवून माझा गळा तपासला. कुठे कापलंय का बघत होती. वरून, खालून, कानामागे. ओरखडाही नव्हता. ती मला काहीतरी गोड शब्दांत समजावत होती आणि मागे ते दोघे ज्ञानूवर वाकले होते. त्यातला एक पोलीस, ज्याने ती बंदूक चालवली तो, नंतर भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. हेही मी पाहिलं. पण त्याला पाणी द्यायला चार माणसं होती.

ज्ञानू शुद्धीवर आला नाही. हृदय आधीच कमजोर, त्यात डोक्याला मार. शैलाने मला हॉस्पिटलात आत नेलं. त्याच्या गालांवर खुंट वाढले होते. या माणसाला मी कधी खुंटांत पाहिला नव्हता, स्वतःची दाढी तो रोज पहाटे साध्या सेफ्टी रेझरने करायचा. शैला म्हणाली, "काका, ते बाबांना हल्लेखोर म्हणतायत. तिथे तुम्ही एकटेच होतात. तुम्ही सांगा." मी म्हटलं, सांगतो.

चौकशीला गेलो. महेश बरोबर आला. गाडीत म्हणाला, "बाबा, जे झालं तेवढंच बोला. आपण इथे पासवर आहोत. माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा, अर्ज आत आहे." मी म्हटलं, "जे झालं तेवढंच बोलणार आहे, तुला त्याचीच भीती आहे ना?" वाईट मुलगा नाही तो. त्याच्या डोक्यावर घर आहे, पोरीची शाळा आहे. आत एक साहेब होता, फार सभ्य. मला पाणी दिलं, अंकल म्हणाला. हिंदी बोलणारी एक बाई दुभाषी होती. मी उजवा गाल पुढे केला, मग डावा. म्हटलं, बघा. एक बाजू केलेली आहे, एक बाकी आहे. गळा कापायला आलेला माणूस आधी साबण लावतो का? अर्धी दाढी करून मग मारतो का? मी ओलीस नव्हतो, मी गिऱ्हाईक होतो. साहेबाने ऐकलं, लिहिलं. मग विचारलं, तो तुमच्याकडून पैसे घ्यायचा का? कारण भेटीच्या पासवर आलेल्या माणसाला इथे काम करता येत नाही. मी म्हटलं, पैसे काढले असते तर त्याने मला फेसासकट हाकलला असता. बाईने त्याचं काय हिंदी-इंग्रजी केलं कुणास ठाऊक. शेवटी साहेब म्हणाला, आमच्या माणसांना त्या वेळी जे दिसलं त्यावर त्यांनी पाऊल उचललं, तुमचा जीव वाचावा म्हणून. तुम्हाला मोठा धक्का बसलाय, विश्रांती घ्या. दारापर्यंत सोडायला आला.

तिथेच मला कळलं, की माझं काही चालणार नाही. मारहाण केली असती, हाकलून दिलं असतं, तर भांडलो असतो. मिलमालकांशी भांडलोय मी. पण जो तुम्हाला पाणी देतो, अंकल म्हणतो, आणि तुमचाच जीव वाचवला म्हणतो, त्याच्याशी कसं भांडायचं? मी वाचलेला माणूस. वाचलेल्या माणसाची साक्ष त्याच्याच बाजूची धरली जाते, तो काहीही म्हणो. चौकशी चालू आहे म्हणतात. चालू असेल. शैला दर आठवड्याला विचारते, "काका, पुन्हा बोलावलं का?" नाही म्हणताना मला तिच्याकडे बघवत नाही. तिला इथेच राहायचंय, इथेच नोकरी करायचीय, ऑफिसात तिने बाप हार्ट अटॅकने गेला असं सांगितलंय.

मी दाढी केली नाही. हट्टाने केली नाही. एक गाल साफ, एक गाल वाढलेला, तसाच फिरलो. लिफ्टमध्ये पोरं हसायची. महेश म्हणाला, "बाबा, बरं दिसत नाही." रिया त्याचं मशीन घेऊन आली, "आजोबा, कॅन शेव्ह ऑलरेडी लाह." मी म्हटलं, नाही बेटा, हा पुरावा आहे. पुन्हा कुणी बोलावलं, नवीन साहेब आला, तर मला दाखवायचंय. डाव्या गालावर ज्ञानूचा हात शेवटचा फिरला, आणि उजवा गाल त्याची वाट बघत राहिला, हे कुणालाही, भाषा येवो न येवो, दिसलं असतं. फोटो काढ म्हटलं असतं तर रियाने काढलाही असता. सुचलं नाही. मला वाटलं, बोलावतीलच.

कुणी बोलावलं नाही. दाढी काही कुणासाठी थांबत नाही. डाव्या गालावर आधी खुंट आले, मग पांढरे केस, उजव्याच्या मागे मागे. मी रोज सकाळी आरशात बघायचो, अजून फरक दिसतो का. दिसायचा. मग कमी दिसायला लागला. मग डोळ्याला कळेना, नुसतं बोटांना कळायचं. गेल्या आठवड्यात दोन्ही तळवे दोन्ही गालांवर ठेवले आणि बराच वेळ चाचपलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्यात. आता मी एक दाढी वाढवलेला म्हातारा आहे, बाकी काही नाही.

वस्तरा त्यांच्याकडे आहे, पिशवीत बंद. टॉवेल शैलाने मला दिला, ज्ञानू वापरायचा तो, कडेला निळ्या रेघा असलेला. रंगाऱ्यांनी जाळ्या कधीच काढल्या, तिच्या स्वयंपाकघरात आता भरपूर उजेड येतो. मी मात्र टॉवेल खांद्यावर टाकून खाली बाकावर जाऊन बसतो. दाढी संपली की ज्ञानू तुरटी फिरवायचा, टॉवेल ओढून झटकायचा आणि खांद्यावर थाप मारायचा, "ऊठ राजा, झालं." ती थाप पडल्याशिवाय गिऱ्हाईकाने उठायचं नसतं. ऊन पायावर येईपर्यंत बसतो. येणारे-जाणारे हात करतात, हाच तो वाचलेला अंकल म्हणून. एक दिवसाआड जातो. मध्ये सोमवार आला तर जात नाही. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं.